नाशिकजवळ नदीकाठच्या आणि झाडीतल्या, सगळ्यांना जमतील अशा चालायच्या वाटा सांगा

वालदेवी
नाशिकमध्ये "रविवारी कुठे जावं?" असं विचारलं की हरिहर, अंजनेरी, साल्हेर, कळसूबाई ही नावं ठरलेली. गड मलाही प्रिय आहेत. पण आमच्या रविवारच्या गटात आता सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी आहेत, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पहिलीतली दोन मुलं आहेत. एक वहिनी व्हीलचेअरवर असतात. या सगळ्यांना एकाच वाटेवर, एकाच वेळी चालायचंय. काहींनी वर जायचं आणि उरलेल्यांनी पायथ्याशी डबे सांभाळत बसायचं, हे मला नकोय.

आपल्याकडे नद्या कमी आहेत का? गोदावरी, दारणा, कादवा, वालदेवी, नंदिनी, वाघाडी. तरी आपण त्या बघतो त्या पुलावरून, गाडीच्या काचेतून. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे साग-सादड्याचं रान आहे, तिथेही आपण जातो ते पावसाळ्यात धबधब्यापुरते.

तेव्हा प्रत्यक्ष चाललेल्या वाटा सांगा. किती किलोमीटर यापेक्षा पायऱ्या आहेत का, जमीन कशी आहे, सावली कुठे, बसायला काही आहे का, स्वच्छतागृह किती लांब, कुठल्या महिन्यात जावं, हे लिहिलंत तर खूप उपयोग होईल.

सह्यवेडा
रामशेज! दिंडोरी रस्त्याला आशेवाडीतून पायऱ्या आहेत, मध्ये रामाचं मंदिर, तासाभरात माथा. लहान मुलं सहज चढतात. मोगलांना ज्याने वर्षानुवर्षं झुलवलं तो गड मुलांनी बघायलाच हवा.

वालदेवी
रामशेज सुंदरच आहे दादा, पण पायऱ्या म्हटल्या की मावशी आणि वहिनी दोघी बाद. गड सोडून सांगा ना.

निफाडकर
मग आमच्याकडे या. नांदूरमध्यमेश्वर.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळातला दगडी बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणगवत असा पाणथळ प्रदेश तयार झाला. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. नाशिकहून निफाडमार्गे चापडगावला यायचं, गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. वनखात्याच्या फाटकातून आत गेलं की पाण्याच्या कडेने मातीची सपाट वाट आहे. चढ नाही म्हटलं तरी चालेल. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं आणि शेतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे पक्षी येतात. जांभळी पाणकोंबडी, वारकरी, चित्रबलाक तर हमखास दिसतात. नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. गावातलीच मुलं गाईड म्हणून येतात, त्यांना सोबत घ्याच. आपल्याला नुसतं गवत दिसतं तिथे त्यांना पक्षी दिसतो.

दोन सूचना. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो हे दरवर्षी बातम्यांत ऐकताच, तर मुलांना कानटोप्या घालून आणा. आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर येऊ नका. आमची काळी माती बूट सोडत नाही, व्हीलचेअरचं चाक काय सोडणार!

मृण्मयी_क
शहराजवळ हवं असेल तर पांडवलेण्याचा पायथा. लेणी बघायची तर पायऱ्या चढाव्या लागतात. पण खाली नेहरू वनोद्यान आहे, तिथे झाडीतून आखलेल्या वाटा आहेत. काही ठिकाणी चढ लागतो. माझे बाबा काठी घेऊन आरामात फिरतात, दर दहा मिनिटांनी बसतात. शेजारी फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक, त्यामुळे एखाद्याला पुढे चालायचं नसेल तर नुसतं खोळंबून राहावं लागत नाही. चोवीसही लेणी बघायची हौस असलेल्यांनी सकाळी लवकर वर जाऊन यावं आणि मग सगळ्यांनी मिळून खाली चालावं.

चाकांवरून
वालदेवीताई, धागा काढलात, मनापासून आभार. मी गेली बरीच वर्षं व्हीलचेअर वापरतो आणि माझा अनुभव असा की "सपाट आहे, काही त्रास नाही" हे वाक्य ज्याला दोन पाय आहेत त्याचं असतं. खोटं कुणी बोलत नाही, पण अडचण त्याच्या नजरेतच येत नाही.

वाट सपाट असते, पण तोंडाशी मोटारसायकली शिरू नयेत म्हणून दोन लोखंडी खांब रोवलेले असतात. माणूस आडवा होऊन निघून जातो, मी तिथूनच परत फिरतो. कधी वाट उत्तम असते, पण वाहनतळ आणि वाट यांच्यामध्ये अर्ध्या फुटाची गटाराची कड असते. नदीकाठच्या गोट्यांत पुढची छोटी चाकं रुततात. वाळूचं तर विचारूच नका.

म्हणून कुणीही वाट सुचवताना कृपा करून एवढं बघा: सगळ्यात अरुंद जागा किती रुंद आहे, सगळ्यात तीव्र चढ किती आहे आणि तो किती लांब आहे, जमीन मुरमाची की मातीची की फरशीची, आणि परत फिरायला जागा कुठे आहे. इमारतींतल्या रॅम्पसाठी आपल्याकडे १:१२ उतार धरतात, म्हणजे एक फूट वर जायला बारा फूट लांबी. रानात तेवढं कोण देणार, पण आकडा आधी कळला तर सोबत ढकलायला एक माणूस घ्यायचा की दोन, हे मला घरूनच ठरवता येतं. मला सोय मिळाली नाही तरी चालते, माहिती मात्र खरी हवी.

सातपूरचा_परदेशी
@चाकांवरून, तुमचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. इथल्या लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात तळ्यांच्या काठाने, नदीच्या कडेने आणि झाडीतून जाणाऱ्या बऱ्याच वाटा अशा निवडल्या आहेत की त्यांवर कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्याच नाहीत. त्यांची प्रतवारी सोपी, मध्यम, अवघड अशी केलेली नाही. "सर्वांसाठी", "पुष्कळांसाठी" आणि "काहींसाठी" अशा तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत स्वतः चाक फिरवणारा माणूस आणि बाबागाडी दोन्ही जावेत, चढ १:१० पेक्षा जास्त नको. दुसऱ्या प्रतीत सोबत ढकलणारं कुणी असेल तर जमतं. तिसरी प्रत ताकदवान आणि अनुभवी मंडळींसाठी, तीही मदतनीस घेऊन.

मला त्यातलं आवडलं ते हे की माणसाला आधी नापास केलेलं नाही. वाटेबद्दल सांगितलंय, ठरवायचं तुम्ही. इथली हवा, जमीन, जमिनीचे कायदे सगळं वेगळं आहे, तेव्हा जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण या तीन प्रती आपल्या वाटांना लावून बघायला काय हरकत आहे?

रानजाई
+१. चापडगावची वाट कोरड्या दिवसांत "पुष्कळांसाठी". रामशेज "काहींसाठी" सुद्धा नाही.

सह्यवेडा
थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका. सपाट वाटेवर फिरणं चांगलंच, पण तो ट्रेक नाही. डोंगर अंगाला घाम फोडतो म्हणून तर तो डोंगर. आणि माझी खरी भीती वेगळी आहे. "सर्वांसाठी" हा शब्द उच्चारला की ठेकेदार येतो. मग रानात पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे बाक, प्लॅस्टिकचे हरीण, सेल्फी पॉइंट. एका चांगल्या नदीकाठाची अशी वाट लागलेली मी बघितली आहे. अर्जुनाची मोठी झाडं कट्ट्यात चिणून टाकली होती.

चाकांवरून
सह्यवेडा, पेव्हर ब्लॉक मलाही नकोत. वर्षभरात ते खचतात आणि चाक फटीत अडकतं. मुरूम टाकून नीट दाबलेली वाट मला सगळ्यात आवडते, आणि तिच्यातून पाणीही मुरतं. म्हणजे या बाबतीत आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

रानजाई
सह्यवेडा, भीती रास्त आहे. पण सोय म्हणजे सिमेंटच असं समीकरण करू नका. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज ही आपली काठावरची झाडं. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि सावलीने पाणी थंड राहतं. काठ सिमेंटचा केला की हे दोन्ही जातं, शिवाय चालणाऱ्याची सावली जाते ती वेगळीच. मावशींना बाकापेक्षा जांभळाची सावली आणि एक सपाट दगड पुरेल.

सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकसहभागातून देशी झाडांची देवराई उभी राहिली आहे, ती बघून या. जागा उताराची आहे, तेव्हा व्हीलचेअरसाठी सुचवत नाही. काठी घेऊन चालणाऱ्यांनी मात्र सकाळच्या वेळी सावकाश जावं. उजाड मुरमाड डोंगरावर रान परत येतं हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

आणि तपोवन विसरू नका. रामकुंडापासून कपिला संगमापर्यंत गोदेच्या बाजूने अडीच-तीन किलोमीटर. घाटाला पायऱ्या आहेत, म्हणून चाकवाल्यांनी रस्त्याच्या बाजूने यावं. तिथल्या मोठ्या झाडांखाली उभं राहिलं की कळतं, २०२७ च्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, झाडं तुटणार म्हटल्यावर २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर का उतरले. ज्या झाडाखाली आपण चाललोय त्याच्यासाठी आपण भांडतो. म्हणूनच जास्तीत जास्त लोकांनी, म्हाताऱ्यांनी, मुलांनी, सगळ्यांनी तिथे चालायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

आप्पा_पंचवटी
सगळ्यांनी मिळून चालणं आपल्याला नवीन आहे का? तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकची फेरी बघा. ब्रह्मगिरीला वळसा, लहान फेरी वीसेक किलोमीटरची. ऐंशीची म्हातारी अनवाणी चालते, तिच्या मागे नातू. कुणी तिला विचारत नाही की तुम्हाला जमेल का. दमली की बसते, कुणी चहा देतं, कुणी हात देतं, परत उठते. वाट सोपी नसते, माणसं सोबत असतात.

आता काठावरच्या माणसाचं ऐका. नदीकाठ सुचवताना महिना सांगा. नाशिक शहरात पाऊस बेताचा पडतो, पण तिकडे त्र्यंबक-इगतपुरीला तो कितीतरी पट कोसळतो. शहरात ऊन असतं आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला असतो. आम्ही पंचवटीकर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतो, पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. क्युसेकचा आकडा नंतर मोबाईलवर येतो. म्हणून जून ते सप्टेंबर सोमेश्वरच्या धबधब्याजवळ खडकांवर मुलांना घेऊन जाऊ नका. शेवाळ असतं आणि पाणी सांगून चढत नाही. दुगारवाडीसारख्या ओढ्यांचंही तेच, वरच्या बाजूला ढग कोसळला की परतीची वाटच पाण्याखाली जाते.

पाऊस सरल्यावर मात्र सोमेश्वर जरूर करा. देवळाच्या बाजूला झाडी छान आहे.

खादाड_सिडकोकर
आणि सकाळी गंगापूर रोडला चालून झाल्यावर मिसळ! इतका चांगला धागा आणि अजून कुणीच मिसळीचं नाव काढलं नाही, हे नाशिकला शोभत नाही. 😀

निफाडकर
मिसळ तुमच्याकडे, द्राक्षं आमच्याकडे. जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर दोन्ही जमवा.

फिजिओ_इंदिरानगर
गुडघे बदललेल्या मावशींसाठी. चढापेक्षा उतार गुडघ्याला जड जातो. वर जाताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण दुखणं उतरताना होतं. त्यामुळे वाट निवडताना परतीला लांब उतार नसेल असं बघा. गेल्या वाटेने परत येणारी सपाट वाट सगळ्यात चांगली, कारण कुठूनही मागे फिरता येतं. गोल वाटेत अर्धं अंतर झालं की पर्याय उरत नाही.

काठी एकच असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आणि गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याने ठरवावा, त्यालाच पुढे ठेवावं. मागून चालणाऱ्यावर "पोचायचंय" याचं ओझं येतं, आणि पुढचे त्याच्यासाठी थांबतात तेव्हा त्यांची विश्रांती होते. तो पोचला की ते लगेच निघतात, त्याला श्वासही घेता येत नाही.

मृण्मयी_क
हे शेवटचं वाक्य प्रत्येक ट्रेक ग्रुपने छापून लावावं.

पेठचा_पोऱ्या
मी पेठ तालुक्यातला. तुम्ही ज्या वाटा शोधताय त्या आमच्या रोजच्या वाटा आहेत. शाळेची, पाण्याची, बाजाराची. या, जरूर या, आम्हाला आनंदच आहे. पण काही गोष्टी बोलतो.

गावात शिरताना कुणाला तरी सांगून जा. गप्प रानात शिरलेली गाडी बघून लोकांना काळजी वाटते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायची कामं चालतात, झाडाखाली साफ करून ठेवलेलं असतं, तिथे सतरंजी टाकून बसू नका. नागलीच्या, भाताच्या खाचराच्या बांधावरून चालाल तर एकामागे एक चाला, बांध फुटला तर पाणी जातं. जेवण गावात सांगा. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, पावसाळ्यात आलात तर रानभाजी. तुमच्या मावशींना चालवत नसेल तर त्या आमच्या आजीजवळ ओट्यावर बसतील, दोघींना गप्पांना दिवस पुरणार नाही.

व्हीलचेअर आमच्या डोंगरवाटांवर चालणार नाही, खरं सांगतो. पण रानातून जाणारे गावजोड डांबरी रस्ते आहेत, दिवसभरात मोजक्या गाड्या जातात. दोन्ही बाजूंना साग. फेब्रुवारीत पळस फुललेला असतो. त्यांना रस्त्यावरून चालायला कमीपणा वाटत नसेल तर मी सोबत येईन.

चाकांवरून
कमीपणा कसला! दोन्ही बाजूंना पळस आणि खाली डांबर, मला याहून काय हवं. तुम्हाला निरोप पाठवतोय.

भोरडी
एक विनंती. गिधाडांच्या घरट्यांच्या जागा, दुर्मीळ फुलांच्या जागा इथे नकाशासकट टाकू नका. अंजनेरी गिधाडांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कंदीलपुष्पाची एक जात, *सेरोपेजिया अंजनेरिका*, तर त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. फोटोच्या नादात लोक गवत तुडवतात. म्हसरूळकडचं बोरगड हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव, २००८ चं. तिथे वर हवाई दलाचं ठाणं आहे, प्रवेशावर बंधनं आहेत. वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

माझं तर मत असं की काही वाटा सांगूच नयेत.

वालदेवी
भोरडी, घरट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण वाटा लपवल्या की त्या कुणाला कळतात? ज्याच्याकडे गाडी आहे, ओळखी आहेत, ट्रेकिंग ग्रुप आहे, त्याला कळतातच. न कळणारे उरतात ते आमच्या मावशी आणि वहिनी. नाजूक जागा झाका, पण चापडगाव, तपोवन, वनोद्यान अशा जागांची माहिती जितकी उघडी तितकी बरी.

भोरडी
हे पटलं. नाजूक आणि खुल्या अशा दोन याद्या मनात ठेवूया.

स्पर्शरेखा
मला जन्मापासून अंधूक दिसतं. चालताना मी पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरते. मला कुणी दृश्याचं वर्णन करत बसलं नाही तरी चालतं, "डावीकडे मूळ, पाऊल उंच" एवढं वेळेवर सांगा. बाकी मला भरपूर कळतं. झाडीतून पाण्याजवळ आलो की गारवा आधी गालाला लागतो. सागाच्या वाळक्या पानांवर पाऊल पडलं की वेगळा आवाज, करंजाखाली वेगळा. नांदूरमध्यमेश्वरला तर मी सगळ्यांना सांगत होते की उजवीकडे मोठा थवा आहे, त्यांना तो नंतर दिसला.

वाट सुचवताना एक जोडा: रस्त्याच्या गाड्यांचा आवाज किती येतो. माझ्यासाठी तोच निकष.

सह्यवेडा
स्पर्शरेखाताई, असं मी कधी ऐकलंच नाही, कारण माझं लक्ष कायम माथ्याकडे. पुढच्या वेळी या गटासोबत मी येतो. ढकलायला दोन हात तयार आहेत.

निफाडकर
एक राहिलं. आमच्याकडे ऊस भरपूर आणि उसात बिबट्या. घाबरवत नाही, पण सूर्य उगवल्यावर चालायला सुरुवात करा आणि मावळायच्या आत गाडीत बसा. उसाच्या कडेने मुलांना एकटं पुढे-मागे सोडू नका, खाली बसू देऊ नका, आपसात बोलत चाला. दिसलाच तर पळू नये, सगळ्यांनी एकत्र उभं राहून सावकाश मागे यावं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, मोबाईलमध्ये घालून ठेवा. रुग्णवाहिका १०८ तर सगळ्यांना माहीतच आहे.

आप्पा_पंचवटी
गाडी नसलेल्यांसाठी: त्र्यंबकच्या बाजूला सिटीलिंकची (नाशिकची शहर बससेवा) बस आहे. तपोवन, सोमेश्वर, पांडवलेणी तर शहरातच. प्रत्येक वाटेसमोर बसचा उल्लेख करा, निवृत्त माणसं दुवा देतील.

वालदेवी
सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतचं असं ठरवतेय: डिसेंबरात एका रविवारी चापडगाव, गेल्या वाटेने परत, मावशी सगळ्यात पुढे. फेब्रुवारीत पेठचा पळसाचा रस्ता, जेवण गावात, ते आधी कळवून. मधल्या रविवारी तपोवन आणि वनोद्यान.

चापडगावला आम्ही दोघं-तिघं आधी जाऊन येतो. फाटकाची रुंदी, वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा, स्वच्छतागृह आणि त्याची पायरी, सावलीच्या जागा, गाड्यांचा आवाज हे सगळं नोंदवून फोटोसकट इथेच टाकते. "सर्वांसाठी, पुष्कळांसाठी, काहींसाठी" यातलं काय ते मी ठरवणार नाही, वहिनी आणि चाकांवरून ठरवतील.

चाकांवरून
टेप घेऊन जा. फाटक पूर्ण उघडतं का तेही बघा, नाहीतर अर्ध्या झडपेचं माप घ्या. ९० सेंटिमीटर मोकळे मिळाले तर माझी खुर्ची आरामात जाईल. आणि निरीक्षण मनोऱ्याला पायऱ्या आहेत, म्हणून खालून पाणी नीट दिसेल अशी एखादी जागा गवत कमी असलेल्या बाजूला मिळते का, हे गावातल्या गाईडला विचाराल का?

निफाडकर
मी परवा तिकडेच जातोय, विचारून कळवतो.